झिंग्यांच्या टँकमधली खनिजं आणि जिवाणू : बोअरच्या पाण्यावर काढलेलं एक वर्ष

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअरचं पाणी गंजात उकळलं की तळाशी पांढरा थर धरतो. राखेने घासून तो निघत नाही, लिंबू चोळावं लागतं. त्या थरातलं कॅल्शियम आणि त्याच पाण्यातलं मॅग्नेशियम झिंग्याला कात टाकल्यावर नवं कवच कडक करायला लागतं. मग ज्याच्या घरी असं पाणी आहे त्याने खनिजांची पुडी विकत का आणायची? हा प्रश्न टँक भरायच्या आधी सुटायला हवा. आमच्याकडे उलटं झालं. पुडी आधी आली आणि पाणी नंतर मोजलं.

झिंगे म्हणजे इथे शोभेचे लाल चेरी झिंगे, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना. (कोळंबी हा शब्द कोकणातला. आपल्याकडे तळ्यातला असो की काचेतला, झिंगाच.) त्यांना जीएच ६ ते १०, केएच २ ते ५ (दोन्हींचा अर्थ पुढच्या परिच्छेदात), पीएच ७ च्या आसपास आणि पाण्याचं तापमान २० ते २८ अंश चालतं. पांढऱ्या-लाल पट्ट्यांचे क्रिस्टल झिंगे कॅरिडिना जातीचे. त्यांना जीएच ४ ते ६, केएच शून्याजवळ आणि २४ अंशांखालचं पाणी लागतं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर विदर्भात त्यांच्या वाटेला जाऊ नये. पुढचं सगळं चेरीबद्दलच आहे.

जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून. केएच म्हणजे बायकार्बोनेट, पीएचला धरून ठेवणारा खुंटा. टीडीएस म्हणजे पाण्यात जे काही विरघळलंय ते सगळं एकत्र, लिटरला मिलिग्रॅममध्ये, कशाचं किती ते न सांगता. इथेच माणूस फसतो. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा टीडीएस भरपूर येतो, पण त्यात मोठा वाटा साध्या मिठाचा. ते पाणी आरओच्या पाण्यात मिसळून टीडीएस २०० वर आणलं तरी झिंग्याच्या कवचाला त्यातून फारसं काही मिळत नाही. म्हणून टीडीएसचा पेन एकटा पुरत नाही, जीएच आणि केएचच्या थेंबांच्या बाटल्या हव्यातच. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं आणि रंग बदलेपर्यंत मोजायचं. जीएचच्या बाटलीत रंग लालसरवरून हिरव्यावर जातो, जितके थेंब तितका जीएच. बोअरच्या पाण्याला पहिल्यांदा थेंब टाकायला बसलो तेव्हा पंचविसाव्या थेंबाला हिरवा आला, आणि बाटली किती दिवस पुरणार याचाही अंदाज आला. अशा वेळी बोअरचं एक भाग पाणी आरओच्या तीन भाग पाण्यात मिसळून मोजायचं, उत्तराला चारने गुणायचं आणि आरओचा स्वतःचा जीएच असेल तर त्याची तिप्पट वजा करायची. थेंब वाचतात.

आमच्या बोअरचं मोजमाप असं निघालं : टीडीएस ७००, जीएच २५, केएच २०, पीएच ८ च्या वर. गावातल्या आरओच्या जारचं : टीडीएस २५, जीएच १, केएच १. एक पाणी फार जड आणि दुसरं पोकळ. एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ मिसळलं की जीएच ७, केएच पावणेसहा आणि टीडीएस १९० च्या पुढेमागे येतो. केएच किंचित जास्त आहे, पण चेरी झिंगे त्यात राहतात आणि पिल्लंही देतात. म्हणजे ज्याच्या बोअरमध्ये जडपणा आहे पण मीठ आणि नायट्रेट नाही, त्याला खनिजांच्या पुडीची गरजच नाही. नायट्रेट मात्र तपासून घ्यावं. संत्र्याला नि कपाशीला दिलेला युरिया शेवटी जमिनीखालच्या पाण्यातच उतरतो.

ज्यांचं बोअर खारं आहे, ज्यांच्याकडे ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी आठवड्यागणिक बदलतं, त्यांनी शून्यापासून सुरू करावं : आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात मोजून खनिजं घालायची. तयार पुडी दोन तऱ्हेची मिळते. एकीत फक्त जीएच वाढवणारी लवणं असतात, दुसरीत जीएच आणि केएच दोन्ही. पहिली कॅरिडिनासाठी, दुसरी चेरीसाठी. चेरीच्या टँकमध्ये आरओचं पाणी आणि नुसती जीएचची पुडी चालवली की महिना-दीड महिना सगळं छान दिसतं, मग पीएच घसरायला लागतो. विष्ठा नि उरलेल्या खाण्यातून सुटलेल्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करताना टँकमधले जिवाणू केएच खातात. तो भरून काढणारं पाण्यात काही नसलं की पीएच साडेसहाच्या खाली जातो आणि मग तेच जिवाणू मंदावतात.

पुडी महाग वाटली तर तीच गोष्ट तीन साध्या लवणांतून करता येते. त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो, सोनारकामाला वापरतात तसला. चमच्याच्या मापावर जाऊ नये, कारण एकाच चमच्यात पावडर दाबून भरली की सैल भरली यावर वजन बरंच हलतं. २० लिटरच्या जारमध्ये, आरओच्या पाण्याचा जीएच ७ आणि केएच ३ करायला आम्ही हे घालतो : जिप्सम २.४६ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १.७६ ग्रॅम, खाण्याचा सोडा १.२ ग्रॅम. यामागचा हिशेब एकदा समजला की कुठल्याही मापाच्या ड्रमला लावता येतो. एक लिटर पाण्यात ३०.७ मिलिग्रॅम जिप्सम घातलं की जीएच एकने वाढतो. मॅग्नेशियम सल्फेट (स्फटिकाचं, एप्सम) लिटरला ४४ मिलिग्रॅम लागतं. सोड्याने केएच एकने वाढवायला लिटरला ३० मिलिग्रॅम. वरच्या मापात कॅल्शियमचे चार आणि मॅग्नेशियमचे दोन असे सहा येतात, एक आरओमध्ये आधीचाच आहे. पेन १७० ते १९० दाखवतो.

क्रम महत्त्वाचा. जिप्सम हट्टी असतं. ते लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं आणि तेही सावकाश. पाणी गरम केल्याने काम लवकर होईल असं वाटतं, पण जिप्समच्या बाबतीत गरम पाण्याचा काही फायदा नाही. आम्ही रात्री जारमध्ये जिप्सम टाकून एअर पंपाची नळी सोडून ठेवतो. सकाळी तळाला पांढरं दिसलं नाही की मॅग्नेशियम सल्फेट आणि शेवटी सोडा. तिन्ही एकाच बाटलीत घट्ट कालवून ठेवायची युक्ती करू नये. घट्ट पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र आले की चुना खाली बसतो. मोजून टाकलेलं तळाशी राहतं आणि टँकमध्ये जातं ते वेगळंच.

आता हे आणायचं कुठून? कृषी केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट सहज मिळतं, पऱ्हाटीवर (कपाशीवर) लाल्या रोग आला की फवारतात तेच. स्वच्छ, पांढरं, स्फटिकासारखं असेल, बंद पाकिटात असेल आणि लेबलवर दुसरं काही मिसळलेलं नसेल तर आम्ही ते वापरलं आहे. पण ‘सूक्ष्म अन्नद्रव्य’ लिहिलेलं पाकीट घेऊ नये, त्यात तांबं आणि जस्त असतं. जिप्सम मात्र शेतीचं घेऊ नये. खारवट जमिनीत टाकायला जे पोत्याने येतं ते बऱ्याचदा खत कारखान्यातलं उरलेलं असतं, त्यात फॉस्फेट आणि फ्लोराइड राहतं. प्रयोगशाळेचं किंवा खाण्यायोग्य प्रतीचं जिप्सम अर्धा किलो आणलं तर एका टँकला वर्षानुवर्षं पुरतं. प्लास्टर ऑफ पॅरिस चालणार नाही. सोडा खाण्याचाच. धुण्याचा सोडा पीएच एकदम वर नेतो आणि बेकिंग पावडरमध्ये स्टार्च नि आम्ल असतं. गोठ्यातलं जनावरांचं मिनरल मिक्श्चर चालेल का, असं हमखास विचारलं जातं. नाही. त्यात तांबं असतं, आणि जेवढं तांबं गायीला लागतं त्याच्या लहानशा अंशाने झिंगे मरतात.

तांब्याबद्दल एवढंच नाही. संत्र्याच्या खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टमध्ये मोरचूद असतं. ज्या ड्रममध्ये किंवा बकेटमध्ये एकदा मोरचूद कालवलं, ती कितीही धुतली तरी टँकच्या पाण्याला वापरू नये. तांब्याच्या गुंडातलं पाणीही नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत तांबं असतं, लेबल वाचल्याशिवाय थेंबही टाकू नये. टँकच्या दोन बकेटा वेगळ्या रंगाच्या ठेवल्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं की निम्मी भीती संपते.

तयार पुडीचा एक त्रास पावसाळ्यात कळतो. तिच्यातलं कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. जुलैत डबा दोन-चारदा उघडला की पावडरचा ढेकूळ होतो, पुढे चिकट रस. मग दोन ग्रॅम वजन केलं तर त्यात पावडर किती आणि पाणी किती ते सांगता येत नाही. घट्ट झाकणाची बरणी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, हा एवढाच उपाय. वापरायच्या आधी बरणी उलटीपालटी करावी, कारण जड आणि हलकी लवणं वेगळी होऊन थर धरतात.

आणखी एक पावडर विकली जाते, करड्या-पांढऱ्या मातीची. नाव मोंटमोरिलोनाइट. ऐकायला परदेशी वाटतं, पण आपल्या काळ्या वावराला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते, ते याच जातीच्या खनिजामुळे. टँकमध्ये ती चाळीस लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी पाण्यात कालवून. दोन-तीन तास पाणी गढूळ राहतं, मग बसतं. झिंगे ती चरतात, पण जीएच तिने हलत नाही. वावरातली माती आणून टाकायचा मोह होतो, तो आवरावा. त्या मातीत किती हंगामांची औषधं मुरली आहेत ते कुणाला माहीत!

टँक दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट. नावाला ५४ लिटर. रेती, लाकूड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ४० लिटर. औषध असो की खनिज, हिशेब चाळीसचाच धरायचा. नदीची रेती धुऊन तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहावं. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती जीएच-केएच हळूहळू चढवत राहील. स्पंज फिल्टर, जावा मॉस ही पाणवनस्पती आणि देशी बदामाची दोन वाळलेली पानं. याहून जास्त काही लागत नाही.

सुरुवात दिवाळीच्या सुमारास करावी. जिवाणू बसायला पाच-सहा आठवडे जातात आणि झिंग्यांना स्थिरावायला थंडी मिळते. मात्र डिसेंबरात रात्री बाहेर आठ-दहा अंश झाले की टँक सोळा-सतरावर येतो आणि जिवाणू बरेच मंदावतात, म्हणून तेवढ्यापुरता ५० वॉटचा हीटर २६ वर लावला.

जिवाणूंच्या बाटलीत नि पुडीत काय आहे हे आधी पाहावं, कारण एकाच नावाखाली दोन वेगळे जीव विकले जातात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा हे एक. ते सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला त्यांना अर्धा ते एक दिवस किंवा जास्तही लागतो, त्यांना वाळवून बीजरूपात ठेवता येत नाही आणि उन्हात तापलेल्या पार्सलच्या गाडीतून आले तर बाटलीत उरतं ते पाणी. दुसरे बॅसिलस. हे पावडरमध्ये बीजाणू होऊन वर्षभर टिकतात, पाण्यात पडले की भराभर वाढतात आणि उरलेलं खाणं, विष्ठा, सडकं पान फोडतात. पण अमोनिया संपवण्याचं काम त्यांचं नव्हे. उलट सडका माल फोडताना अमोनिया सुटतो. झिंग्यांसाठी विकली जाणारी बहुतेक जिवाणू-पावडर या दुसऱ्या जातीची असते, सोबत काही एन्झाइम. तिने टँक ‘सायकल’ होतो, म्हणजे अमोनिया जिरवणारे जिवाणू बसतात, असं समजून आठव्या दिवशी झिंगे सोडणं ही सगळ्यात महाग चूक. लेबलवर जिवाणूंची नावं, दर ग्रॅमला किती आणि मुदत हे तिन्ही नसेल तर पैसे वाचवावेत.

आम्ही सायकल नवसागराने (अमोनियम क्लोराइड) केली. कल्हईवाल्याकडचा नाही, प्रयोगशाळेचा शुद्ध. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून बाटली भरून ठेवली. त्यातलं २४ मिली चाळीस लिटरला टाकलं की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम येतो. या काळात टँकमध्ये सरळ बोअरचं जड पाणी ठेवलं होतं, मिश्रण नाही. कारण असं : दर वेळी हा २ मिलिग्रॅम अमोनिया जिरताना केएच साधारण ०.६ ने उतरतो. केएच ३ च्या पाण्यात पाच डोस झाले की खुंटा उपटला. बोअरच्या वीसमध्ये ही काळजीच नसते, आणि आत अजून झिंगे नसल्याने जडपणाने कुणाचं बिघडत नाही. दुसऱ्या आठवड्यात नायट्राइट दिसायला लागला, पाचव्या आठवड्यात २ मिलिग्रॅम अमोनिया आणि मागचा नायट्राइट चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले. मग जवळजवळ सगळं पाणी काढून मोजून केलेलं पाणी भरलं. सगळ्यात खात्रीचे जिवाणू मात्र बाटलीत नसून ओळखीच्या माणसाच्या जुन्या टँकमधल्या स्पंजात असतात. तो स्पंज नव्या टँकमध्ये पिळला की वेळ निम्म्यावर येतो. फक्त त्या टँकमध्ये हायड्रा नि प्लॅनेरिया (पिल्लांना खाणारे बारीक जीव) नाहीत ना, हे काचेला डोळा लावून पाहून घ्यावं.

जीवामृत किंवा वेस्ट डिकंपोजर टाकून पाहिलं का, हाही नेहमीचा प्रश्न. दोन्हींत जिवाणू आहेत हे खरं, पण गूळ, शेण, गोमूत्र यांतून जे पाण्यात उतरतं त्याने ४० लिटरमधला प्राणवायू एका रात्रीत संपतो. ट्रायकोडर्मा, सुडोमोनास जमिनीसाठी आहेत, तिथेच राहू द्यावेत.

झिंगे पिशवीतून आले की पिशवीतल्या पाण्याचा टीडीएस मोजायचा आणि आपल्या टँकशी ताडायचा. मग थेंबथेंब पाणी. यासाठी मेडिकलमधला सलाईनचा सेट अगदी फिट बसतो. नळीचं एक टोक टँकमध्ये, दुसरं खाली ठेवलेल्या डब्यात, आणि मधली चाकी फिरवून सेकंदाला दोन थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तर तासाला ३६० मिली. डब्यात अर्धा लिटर पाणी असेल तर दीड तासाच्या आत दुप्पट होतं. घाई केली तर झिंगे त्याच दिवशी मरत नाहीत. तीन-चार दिवसांनी कात टाकताना मरतात, आणि दोष पुडीला दिला जातो.

कात टाकताना काय होतं ते एकदा जवळून पाहावं. झिंगा एका जागी थांबतो, अंगाला बाक देतो, पाठीवर जिथे छातीचं कवच संपतं आणि शेपटीचा भाग सुरू होतो तिथे सांधा उघडतो, आणि एका झटक्यात तो मागे उडतो. कवच तिथेच, मिशांसकट, काचेसारखं पारदर्शक. ते उचलून टाकू नये, झिंगे ते खाऊन कॅल्शियम परत घेतात. बिघडलं तर त्याच सांध्यावर गोल पांढरी कडी दिसते, कवच सगळीकडून फाटलेलं असतं पण निघत नाही. अशा झिंग्यांपैकी फार थोडे वाचतात. कारण बहुतेक वेळा खनिज कमी हे नसतं. एकदम मोठं पाणी बदलणं, टीडीएस एका झटक्यात वर-खाली होणं, किंवा जीएच १२-१५ वर जाऊन कवच नको तितकं टणक होणं ही कारणं जास्त. कडी दिसली की लोक घाबरून खनिजांचा आणखी एक चमचा टाकतात, आणि त्या रात्री जे कात टाकणार होते तेही अडकतात. आम्ही आठवड्याला चार लिटरच बदलतो, टँकच्याच टीडीएसचं, टँकच्याच तापमानाचं. समुद्रफेनाचा (कॅल्शियमयुक्त) तुकडा टाकून ठेवला तर नुकसान नाही. पण पीएच साडेसातच्या वर असेल तर तो फारसा विरघळत नाही, नुसता दिसायला राहतो.

जिवाणू-पावडर सुरू केली ती झिंगे रुळल्यावर, मादीच्या पोटाखाली अंडी दिसल्यावर. अंडी साधारण पंचवीस-तीस दिवस राहतात. निघणारी पिल्लं दोन मिलिमीटरची, ती खाण्यापर्यंत चालत जात नाहीत, जिथे आहेत तिथलीच साय (जिवाणूंचा पातळ थर) चरतात. ती साय वाढवणं हा या पावडरचा खरा उपयोग. मात्रा : लेबलवर लिहिल्याच्या पाव पट, म्हणजे चाळीस लिटरला ०.०५ ग्रॅमच्या आसपास, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी. कपभर टँकच्या पाण्यात कालवून, आठवड्यातून दोनदा, सकाळीच.

सकाळीच का, ते एका चुकीने कळलं. लेबलवरचा पूर्ण चमचा रात्री नऊला पडला होता. पहाटे पाणी ताकासारखं, आणि झिंगे सगळे स्पंजाच्या वरच्या टोकाला, पृष्ठभागाला चिकटून. पावडर आणि तिच्यातला खाऊ मिळाल्यावर बॅसिलस रात्रभर प्राणवायू ओढत होते. वनस्पतीही रात्री तेच करतात. त्यात मध्यरात्री दोन तास लाईन गेली आणि एअर पंप बंद. सहा मेले. उपाय साधा होता : त्याच टीडीएसचं दहा-बारा लिटर पाणी सावकाश बदललं, हवेची दुसरी नळी सोडली, खाणं तीन दिवस बंद. दुसरं काही टाकलं नाही. पाणी चौथ्या दिवशी निवळलं. तेव्हापासून लोडशेडिंगच्या दिवशी पावडर नाही, आणि बॅटरीवरचा छोटा पंप टँकजवळच टांगलेला असतो.

पावडर जास्त होतेय हे त्याआधीही दिसतं. काचेवर सायीसारखा पांढरा चिकट थर येतो, काचेवर पांढरे बारीक किडे वळवळतात, पाण्यावर फुगे फुटत नाहीत. अशा वेळी दोन आठवडे बंद. शेजारच्या टँकमध्ये पावडर न टाकता नुसती बदामाची पानं आणि उकळलेला शेवग्याचा पाला ठेवला होता. पिल्लांच्या संख्येत डोळ्याला जाणवेल असा फरक आम्हाला तरी दिसला नाही. नवा, कोरा टँक असेल तर पावडरचा गुण येतो. शेवाळलेल्या जुन्या टँकमध्ये ती हौस.

मार्चपासून खरी परीक्षा. पाणी ३० च्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो : २५ अंशांना लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर, ३२ ला सव्वासातच्या आसपास. आणि अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांवर जातो आणि उष्णतेने आणखी. म्हणून एप्रिल ते जून जिवाणू-पावडर आमच्याकडे पूर्ण बंद आणि खाणं निम्मं.

थंड करायला कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरपा बसवला. विदर्भाची कोरडी हवा इथे कामी येते, बाहेर ४४ असताना टँक २८-२९ वर राहतो. कूलरच्या खोलीत हवा आधीच दमट, तिथे पंख्याचा गुण कमी, पण खोलीच थंड असल्याने चालून जातं. बर्फाची बाटली टाकली तर तापमान तासात चार-पाच अंश उतरतं आणि परत चढतं, ते हेलकावे उष्णतेपेक्षा वाईट.

या पंख्याने रोज दीड लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी, खनिजं मागेच राहतात. त्या जागी रोज १९० टीडीएसचं तयार पाणी भरलं तर रोज सातने टीडीएस चढतो, आठवड्यात पन्नासने, महिन्यात चारशेला टेकतो. एप्रिलमध्ये पांढऱ्या कड्या दिसायला लागल्या त्या यामुळे. पुडी तीच, मापही तेच. भर घालायची ती नुसत्या आरओच्या पाण्याने, त्याच सलाईनच्या सेटमधून रात्रभर थेंबथेंब. खनिजं घातलेलं पाणी फक्त आठवड्याच्या बदलाला. काचेवर स्केचपेनने पाण्याची रेघ ओढून ठेवली की हिशेब चुकत नाही.

फवारणीच्या दिवसांत टँकची खिडकी बंद. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे डास मारायचा स्प्रे, अगरबत्ती, मशीन यांपैकी काहीही त्या खोलीत नको. इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन ही कीटकनाशकं झिंग्याला किड्याइतकीच लागतात. पऱ्हाटीत फवारून आलेला हात साबणाने धुतला तरी त्या दिवशी टँकमध्ये घालू नये. डेंग्यूच्या मोसमात पाण्याच्या टाक्यांत नि कूलरमध्ये अळ्या मारायला टेमिफॉस टाकतात, ते पडलं असेल त्या टाकीचं पाणी टँकला वर्ज्य. नळाच्या पाण्यात पावसाळ्यात टीसीएल पावडरचा (क्लोरीनचा) मारा असतो. हवा सोडून दोन दिवस ठेवावं, किंवा हायपोचे (सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन मारणारं) दोन खडे.

पाऊस लागला की पंख्याचा गुण संपतो, पाणी उडणं कमी होतं आणि रोजची भर अर्ध्या लिटरवर येते. तेव्हा रेघेकडे न पाहता सवयीने दीड लिटर ओतत राहिलं तर टीडीएस उलट उतरतो. पहिले दोन-तीन पाऊस सोडून, उघड्यावर ताणलेल्या स्वच्छ प्लास्टिकवरचं पाणी ड्रममध्ये धरावं. टिनाच्या छपरावरचं नको, जस्त उतरतं. या पाण्याचा टीडीएस १५-२० येतो, आरओपेक्षा बरं. यात जीएच-केएच आधीचं काहीच नसतं, म्हणून २० लिटरला जिप्सम ३.०७ ग्रॅम आणि सोडा १.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट तेवढंच १.७६. पूर्ण ड्रममध्ये खनिजं घालून ठेवू नयेत. लागेल तसं जारमध्ये काढून घालावं, कारण भर घालायला कोरं पाणी पुढच्या मार्चपर्यंत लागणारच आहे. ड्रमचं तोंड कापडाने बांधायचं, डासांसाठी, आणि उजेड न लागेल असं ठेवायचं.